शिफारसपत्र कोणाकडे मागायचं? दोन जुनी पत्रं वाचताना

अर्जांचा हंगाम सुरू झाला की एक जुनं पत्र हमखास फिरायला लागतं. तारीख ११ फेब्रुवारी १९४८. लिहिणारे रिचर्ड डफिन, पिट्सबर्गच्या कार्नेगी इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतले गणिताचे प्राध्यापक. पत्र प्रिन्स्टनच्या सॉलोमन लेफशेट्झ यांना. मजकूर जेमतेम पाच ओळींचा: या मुलाने तुमच्याकडे अर्ज केलाय, वय १९, जूनमध्ये पदवी घेतोय. आणि शेवटचं वाक्य, हा मुलगा गणितातला जीनियस आहे. संपलं पत्र.

मुलाचं नाव जॉन नॅश. पुढे १९९४ साली अर्थशास्त्राचं नोबेल आणि २०१५ साली गणितातलं आबेल पारितोषिक मिळालेला.

हे पत्र शेअर करताना लोक वर लिहितात, ‘शिफारसपत्र असावं तर असं!’ माझं म्हणणं नेमकं उलटं आहे. नॅशसाठी ते पत्र चाललं, पण तुमच्या-माझ्यासाठी नमुना म्हणून ते वाईट आहे. कारण ते वाचून विद्यार्थी जो धडा घेतात तो असा: कोणीतरी मोठा माणूस गाठायचा, आणि त्याच्याकडून दोन कडक ओळी लिहून घ्यायच्या. एम.एस्सी. नंतर दुसरीकडे पीएच.डी.ला जाणाऱ्या, किंवा टीवायला असताना समर फेलोशिपचा अर्ज भरणाऱ्या मुलांना मी दरवर्षी याच धड्यावर चालताना बघतो. म्हणून हा लेख. एक संस्था सोडून दुसरीकडे जाताना पत्र कोणाकडे मागायचं, हा प्रश्न वाटतो तेवढा साधा नाही.

पाच ओळी का चालल्या?

पत्रात काय नाही ते आधी बघा. नॅशने कोणता प्रश्न सोडवला ते नाही. डफिन त्याला किती ओळखतात ते नाही. इतर विद्यार्थ्यांशी तुलना नाही. म्हणजे पत्राचं सगळं वजन एका शब्दावर, आणि त्या शब्दाचं सगळं वजन खालच्या सहीवर. लेफशेट्झ हे प्रिन्स्टनच्या गणित विभागाचे प्रमुख. डफिन हे संशोधन करणारे, त्याच वर्तुळातले गणिती. त्या काळातलं अमेरिकेतलं गणिताचं जग आजच्या मानाने छोटं. डफिनसारखा माणूस ‘जीनियस’ हा शब्द सहज वापरणार नाही, एवढा विश्वास वाचणाऱ्याला असेल तरच हे पत्र काम करतं.

आता तेच पत्र आपल्याकडे आणा. जिल्ह्याच्या ठिकाणचं कॉलेज, तिथले सर, आणि वाचणारी व्यक्ती बेंगळुरूला किंवा जर्मनीत बसलेली. तिने सरांचं नाव ऐकलेलं नाही. सर हा शब्द वर्षाला एका मुलासाठी वापरतात की चाळीस मुलांसाठी, हे तिला कळायला मार्ग नाही. अशा वेळी ‘जीनियस’, ‘एक्सलंट’, ‘आउटस्टँडिंग’ या सगळ्या शब्दांची किंमत जवळपास शून्य होते. सरांची काहीच चूक नसते. फक्त त्या शब्दामागची ओळख त्या गावात पोचलेली नसते.

दुसरं पत्र

याहून मला आवडणारं पत्र त्याच्या ३५ वर्षं आधीचं आहे, आणि ते आपल्याच देशातलं आहे. फेब्रुवारी १९१३. श्रीनिवास रामानुजन तेव्हा मद्रास पोर्ट ट्रस्टमध्ये महिना ३० रुपयांवर कारकून. एफ.ए.ची परीक्षा नापास, म्हणजे पदवी नाहीच. भारतातल्या वेधशाळांचे प्रमुख गिल्बर्ट वॉकर कामानिमित्त मद्रासला आले होते. हे वॉकर केंब्रिजचे सीनियर रँग्लर आणि ट्रिनिटी कॉलेजचे माजी फेलो. हवामानशास्त्रात ‘सदर्न ऑसिलेशन’शी ज्यांचं नाव जोडलेलं आहे, तेच हे. पोर्ट ट्रस्टमध्ये त्यांना रामानुजनचं काम दाखवण्यात आलं, आणि त्यांनी मद्रास विद्यापीठाच्या रजिस्ट्रारना पत्र लिहिलं.

त्या पत्राचा आशय माझ्या शब्दांत सांगतो. मी जे काम पाहिलं त्याची स्वतंत्र बुद्धी केंब्रिजच्या एखाद्या कॉलेजातल्या गणिताच्या फेलोच्या तोडीची वाटली. मात्र त्यात परिपूर्णता आणि काटेकोरपणा कमी आहे. त्याची परिस्थिती बघता ते साहजिक आहे, पण त्यामुळे सगळे निष्कर्ष लगेच मान्य करता येणार नाहीत. शुद्ध गणिताच्या ज्या शाखांमध्ये तो काम करतो त्या माझ्या अभ्यासाच्या नाहीत, त्यामुळे त्याच्या कुवतीचा पक्का अंदाज मी देऊ शकत नाही. ती कदाचित युरोपात नाव होण्याइतकी असेल. पण विद्यापीठाने निदान काही वर्षं त्याला पोटापाण्याची चिंता न ठेवता पूर्ण वेळ गणित करू द्यावं, हे मला स्पष्ट दिसतं.

या पत्रात ‘जीनियस’ शब्द नाही. उणीव आहे. इतकंच नाही, ‘मी या विषयातला नाही’ अशी सरळ कबुली आहे. आपल्याकडचा कोणीही विद्यार्थी असं पत्र बघून घाबरला असता: सरांनी निगेटिव्ह लिहिलं! पण विद्यापीठाने पदवी नसलेल्या या माणसाला महिना ७५ रुपयांची संशोधन शिष्यवृत्ती दोन वर्षांसाठी दिली. याचं सगळं श्रेय एकट्या वॉकर यांच्या पत्राला देता येणार नाही. हार्डींचं उत्तरही त्याच महिन्यातलं, आणि मद्रासमधले बरेच लोक रामानुजनच्या मागे उभे होते. तरीही पत्र म्हणून ते का पटतं, हे बघण्यासारखं आहे.

त्यात चार गोष्टी आहेत. मी काय पाहिलं. ते कशाच्या तुलनेत कसं वाटलं. मला काय सांगता येणार नाही. आणि तुम्ही नेमकं काय करावं असं मला वाटतं. तिसरी गोष्ट आहे म्हणून पहिल्या दोन खऱ्या वाटतात. ज्याला स्वतःची हद्द माहीत आहे, त्याने हद्दीच्या आत जे सांगितलं त्यावर आपण विश्वास ठेवतो. कोर्टात साक्षीदाराचं जे असतं, तेच इथे.

दाखला, वशिला आणि साक्ष

मला वाटतं आपला घोळ शब्दापासूनच सुरू होतो. ‘शिफारस’ म्हटलं की मराठी कानाला वशिल्याचा वास येतो. कोणाची तरी शिफारस लावली की काम होतं, हे आपण लहानपणापासून ऐकलेलं. म्हणून शिफारसपत्र म्हटल्यावर डोकं आपोआप पदांकडे जातं: प्राचार्य, एच.ओ.डी., विद्यापीठातले ओळखीचे कोणी, मामांच्या ओळखीतले एखादे निवृत्त शास्त्रज्ञ.

दुसरी सवय दाखल्यांची. आपल्याकडे कॉलेज बदलायचं तर टीसी लागतो, मायग्रेशन लागतं, बोनाफाइड लागतं, कधी चारित्र्याचा दाखलाही लागतो. यातल्या कोणत्याही कागदावर सही करणाऱ्याने तुम्हाला ओळखायची गरज नसते. ऑफिसच्या खिडकीत अर्ज द्यायचा, दोन दिवसांनी शिक्का घेऊन यायचं. अमेरिकेत पदवीच्या मधूनच कॉलेज बदलणाऱ्या मुलालाही अनेक ठिकाणी प्राध्यापकांचं पत्र द्यावं लागतं. आपल्याकडे त्या टप्प्यावर पत्राची गाठच पडत नाही. त्यामुळे पहिलं शिफारसपत्र लागतं तेव्हा आपण ते दाखल्यासारखंच मागतो, आणि सरही ते दाखल्यासारखंच देतात.

ज्युनिअर्स माझ्याकडे कधीकधी पत्रांचे मसुदे घेऊन येतात. दहातली आठ पत्रं ‘इट गिव्ह्ज मी इमेन्स प्लेझर’ने सुरू होतात, मग टक्केवारी येते (जी मार्कशीटवर आहेच), मग हुशार, मेहनती, शिस्तप्रिय, सांस्कृतिक कार्यक्रमांत सहभाग, आणि शेवटी उज्ज्वल भविष्यासाठी शुभेच्छा. नाव बदललं तर पत्र कोणालाही चालेल. वर्गमैत्रिणीला तर नक्कीच चालेल, कारण बहुतेक वेळा तिलाही तेच दिलेलं असतं.

आता समजा हेच पत्र असं असतं: ‘एस.वाय.च्या टायट्रेशनच्या प्रॅक्टिकलला हिची रीडिंग्ज एकमेकांशी जुळत होती, पण उत्तर सगळ्या बॅचपेक्षा वेगळं येत होतं. बाकीच्यांनी रीडिंग जुळवून घेतली. हिने विचारलं की सोडियम हायड्रॉक्साइडचं द्रावण कधीचं आहे. ते आठवडाभर पडून होतं आणि हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून घेत होतं. तिने ते पुन्हा स्टँडर्डाइज केलं आणि मग प्रयोग केला.’ फार काही नाही, साधी गोष्ट. पण वाचणाऱ्याला कळतं की ही मुलगी चुकीचं उत्तर आलं तर आकडे जुळवत बसत नाही, कारण शोधते. संशोधनासाठी नेमकं हेच बघायचं असतं. आणि असं पत्र लिहिणारे सर नामांकित नसले तरी चालतात, कारण वजन सहीत नाही, प्रसंगात आहे.

मग कोणाला विचारायचं?

माझ्या मते कसोटी एकच: या व्यक्तीने मला काय करताना पाहिलंय? ‘मी यांच्या वर्गात होतो’ हे उत्तर पुरेसं नाही. ८० जणांच्या वर्गात तुम्ही तिसऱ्या बाकावर बसायचात, हे सरांना आठवलं तरी लिहिण्यासारखं काय आहे त्यात? प्रोजेक्ट, सेमिनार, प्रॅक्टिकल, डिपार्टमेंटमध्ये उशिरापर्यंत थांबून सोडवलेला एखादा प्रश्न, असं काहीतरी त्यांच्या डोळ्यांसमोर घडलेलं असायला हवं.

तीन पत्रं लागत असतील तर तिघांनी तीन वेगळ्या गोष्टी पाहिलेल्या असाव्यात. एकाने प्रोजेक्टवर, एकाने विषयाच्या समजेवर, एकाने इंटर्नशिपमधल्या कामावर लिहिलं तर वाचणाऱ्याला पूर्ण माणूस दिसतो. तिघंही तुमच्या थिअरीच्या मार्कांवर लिहिणार असतील तर ते एकच पत्र तीनदा पाठवल्यासारखं आहे.

ज्या सरांच्या विषयात सगळ्यात जास्त मार्क, त्यांनाच विचारायचं हा नियमही मला पटत नाही. मार्क मार्कशीटवर दिसतातच. ज्या विषयात सुरुवातीला अडखळलात आणि नंतर सावरलात, त्या मॅडमकडे कदाचित जास्त सांगण्यासारखं असेल.

आणि विचारताना ‘सर, लेटर द्याल का?’ असं विचारू नका. या प्रश्नाला आपल्याकडे कोणी नाही म्हणत नाही. ‘सर, माझ्या कामाबद्दल तपशिलात लिहिण्याइतकं तुम्ही पाहिलंय असं वाटतं का?’ असं विचारा. सर क्षणभर थांबले, ‘हो, देऊ की, ऑफिसात फॉरमॅट आहे’ म्हणाले, तर उत्तर मिळालं. आभार मानून दुसऱ्या नावाकडे वळायचं. यात कोणाचाही अपमान नाही.

तासिका तत्त्वावरच्या मॅडमचं काय?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त टोचतो. महाराष्ट्रातल्या कितीतरी कॉलेजांत प्रॅक्टिकल प्रत्यक्षात घेतात ते तासिका तत्त्वावरचे, म्हणजे सीएचबीचे शिक्षक. बॅचमध्ये वीसेक मुलं, समोर मॅडम, तीन-चार तास. तुम्ही ब्युरेट कशी धरता इथपासून तुम्हाला काय कळत नाही इथपर्यंत सगळं त्यांनी पाहिलेलं असतं. पण पत्र मागताना मुलं त्यांना टाळतात. ‘त्या पर्मनंट नाहीत ना.’ मग जातात एच.ओ.डी.कडे, ज्यांना नावही आठवत नाही.

म्हणजे ज्यांनी पाहिलं त्यांना विचारत नाही, आणि ज्यांना विचारतो त्यांनी पाहिलेलं नाही. या उलट्या व्यवस्थेत नुकसान मुलांचंच होतं, आणि तेही नेमकं छोट्या कॉलेजांतल्या मुलांचं. मोठ्या संस्थेतल्या विद्यार्थ्याच्या गाईडला वाचणारा ओळखतो. त्याला पाच ओळीही चालतील. तुम्हाला तपशिलाशिवाय गत्यंतर नाही, आणि तपशील ज्यांच्याकडे आहे त्यांना तुम्ही यादीतूनच वगळलेलं असतं.

अडचणी खऱ्या आहेत, हे मान्य. काही पोर्टल संस्थेचा ईमेल मागतात, आणि सीएचबी शिक्षकांकडे तो बऱ्याचदा नसतो. कधी त्या पुढच्या वर्षी त्या कॉलेजात नसतातच. यावर एक स्वच्छ मार्ग आहे: प्रॅक्टिकल घेणाऱ्या मॅडमनी निरीक्षणं लिहून द्यावीत, विभागप्रमुखांनी पत्र लिहावं, आणि पत्रातच सांगावं की या विद्यार्थ्याचं प्रयोगशाळेतलं काम आमच्या अमुक सहकाऱ्यांनी दोन वर्षं पाहिलंय, पुढची निरीक्षणं त्यांची आहेत. वॉकर यांनी ‘हा माझा विषय नाही’ म्हटलं, त्यातलाच हा प्रामाणिकपणा. यात लपवण्यासारखं काहीच नाही.

‘ड्राफ्ट तूच करून आण’

हे वाक्य ऐकलं नाही असा विद्यार्थी विरळा. सरांवर कामाचा ताण असतो हे खरं, पण या पद्धतीवर माझा आक्षेप आहे आणि तो फक्त नैतिक नाही. स्वतःबद्दल लिहिताना विद्यार्थी विशेषणं लिहितो, कारण बाहेरून आपण कसे दिसलो ते त्याला माहीतच नसतं. टायट्रेशनची ती गोष्ट त्या मुलीला लक्षातही राहिली नसेल. मॅडमच्या लक्षात राहिली, म्हणून ती साक्ष. शिवाय तिन्ही पत्रं एकाच हातची असली की वाक्यरचना, आवडते शब्द, अगदी स्वल्पविरामही सारखे येतात, आणि अर्ज वाचून वाचून डोळे तयार झालेल्या माणसाला ते लगेच दिसतं.

मग सरांना सरळ नाही म्हणायचं? ते जमत नाही, ठाऊक आहे. ड्राफ्टच्या ऐवजी एका पानाचं टिपण न्या. त्यात फक्त घटना असू द्या: कोणतं वर्ष, कोणता प्रोजेक्ट, मी कोणता भाग केला, कुठे अडलो, काय निघालं, आता कुठे अर्ज करतोय आणि का, शेवटची तारीख कधी. विशेषण एकही नको. निम्म्या सरांना हे टिपण वाचून स्वतःहून काहीतरी आठवतं, आणि पत्र त्यांचं होतं. हे सगळं शेवटच्या तारखेच्या आदल्या दिवशी नेऊ नका. तीन-चार आठवडे आधी द्या.

ज्यांना सोडून जायचंय, त्यांचंच पत्र

संस्था बदलताना एक पेच असतो. तुमचं काम सगळ्यात जवळून पाहिलेली व्यक्ती म्हणजे तुमचे गाईड, आणि तुम्ही त्यांनाच सोडून चाललेले. संबंध बरे असतील तर प्रश्न नाही. नसतील तर? गाईडचं पत्रच नसलं की वाचणाऱ्याच्या मनात शंका येते, तुम्ही काहीही लिहा. ही शंका पूर्ण टाळता येत नाही, पण कमी करता येते. तेच काम पाहिलेली दुसरी व्यक्ती शोधा: को-गाईड, प्रोजेक्टच्या व्हायव्हाला असलेले परीक्षक, ज्यांच्या उपकरणावर तुम्ही महिनोन्महिने सॅम्पल चालवले त्या मॅडम. आणि स्वतःच्या निवेदनात एक साधं वाक्य लिहा, की माझं प्रकल्पाचं काम यांनी पाहिलंय, म्हणून पत्र त्यांचं आहे. गाईडबद्दलची तक्रार तिथे लिहू नका. तुमची बाजू कितीही खरी असली तरी वाचणाऱ्याकडे ती तपासायचं साधन नाही.

आणि चांगलं पत्रही तिरकं असू शकतं

इथपर्यंत वाचून असं वाटेल की योग्य माणूस निवडला की झालं. तसं नाही. २०१६ साली ‘नेचर जिओसायन्स’मध्ये एक अभ्यास आला होता. भूविज्ञानातल्या पोस्टडॉक फेलोशिपसाठी ५४ देशांतून आलेली १,२२४ पत्रं तपासली होती. ‘उत्कृष्ट’ दर्जाचं पत्र मिळण्याची शक्यता स्त्री उमेदवारांना पुरुषांच्या जवळपास निम्मी होती. त्याआधी २००३ साली ट्रिक्स आणि सेन्का यांनी अमेरिकेतल्या एका मेडिकल स्कूलची तीनशेहून जास्त पत्रं वाचली. ही सगळी निवड झालेल्या उमेदवारांची पत्रं होती, तरीही बायकांबद्दलची पत्रं सरासरीने छोटी आणि शंका पेरणारी वाक्यं त्यांत जास्त.

लिहिणारे दुष्ट होते असं याचा अर्थ नाही. विशेषणांवर चालणाऱ्या पत्रात आपले पूर्वग्रह फार सहज शिरतात. मुलगा ‘ब्रिलियंट’, मुलगी ‘सिन्सियर’, आपल्या विभागातही ऐकून बघा. ‘द्रावण पुन्हा स्टँडर्डाइज केलं’ या वाक्यात मात्र तसं घुसायला जागा कमी. म्हणून मुलींनी तर टिपण द्यावंच, आणि त्यात केलेलं काम क्रियापदांत लिहावं: मोजलं, बसवलं, कोड लिहिला, चूक शोधली.

शिफारसपत्राची पद्धत न्याय्य आहे असं मी म्हणणार नाही. ज्याला कोणी पाहिलंच नाही त्याच्याबद्दल ती गप्प बसते, आणि पाहिलं जाणं हे कॉलेजवर, वर्गाच्या आकारावर, कधी घरी जायच्या शेवटच्या एसटीवर अवलंबून असतं. पण जोवर अर्जात ते तीन रकाने आहेत, तोवर ते नीट भरायला शिकणं आपल्या हातात आहे.

तुम्ही एस.वाय. किंवा टी.वाय.ला असाल तर आज एवढंच करा. कागदावर पाच शिक्षकांची नावं लिहा. प्रत्येकापुढे एक ओळ: यांनी मला काय करताना पाहिलंय? पाचही ओळी कोऱ्या राहिल्या तरी अजून वर्ष हातात आहे. पुढच्या प्रॅक्टिकलला रीडिंग जुळलं नाही, तर शेजाऱ्याच्या वहीत बघू नका. मॅडमना जाऊन विचारा.